थोरलीचं माहेर

माझ्या बायकोची आत्या सातारा जिल्ह्यातल्या एका तालुका कचेरीत अभिलेख कक्ष सांभाळून निवृत्त झाली. लोक त्याला रेकॉर्ड रूम म्हणतात. कापडी बस्त्यात बांधलेले गठ्ठे, गावागावाची मांडणी, आणि त्यातला हवा तो कागद डोळे मिटून काढणारी ही बाई. मोडीही वाचते, जुन्या शिरस्तेदारांकडून शिकली. अशा बाईला आपल्या घराण्याची मुळं खणायची हौस असेल, असं कुणालाही वाटेल. तिला ती तिळभर नाही. हौस आहे ती तिच्या भाचीला, म्हणजे माझ्या बायकोला. तिनं गेल्या वर्षापर्यंत सातबारा उताराही नीट पाहिला नव्हता.

झालं असं की वडिलांच्या अस्थी घेऊन ही नाशिकला गेली. रामकुंडावर तीर्थोपाध्यायांनी रिवाजाप्रमाणे गाव आणि आडनाव विचारलं, नामावळीची लांबट वही काढली आणि पानं उलटत एका नोंदीवर बोट ठेवलं. सन १९३४. खाली हिच्या पणजोबांची मोडी सही. पत्नीच्या अस्थी घेऊन आले होते. पण पणजी तर १९७१ साली वारली, हे घरात सगळ्यांना ठाऊक. मग चौतीस साली कुणाच्या अस्थी आल्या?

दिवाळीआधी आत्या आमच्याकडे राहायला आल्या तेव्हा हिनं त्या पानाचा फोटो त्यांच्यापुढे धरला. पुढचं बोलणं मला आठवतं तसं देतोय. मी मध्ये फारसा पडलो नाही, जावयानं पडूही नये.

आत्या : बरोबर वाचलंय त्यांनी. थोरलीच्या अस्थी. आजोबांची पहिली बायको.

भाची : म्हणजे तुला माहीत होतं?

आत्या : माहीत म्हणजे काय, घरात 'थोरली' म्हणायचे. तुझे आजोबा तिचेच. ते चार वर्षांचे असताना ती गेली, वर्षाच्या आत धाकटी आली. आम्ही आजी म्हणत होतो ती धाकटी. आता कळलं ना? ठेव तो फोन.

भाची : कळलं कुठं? बाबांची खरी आजी कोण, कुठली, कशानं गेली, काहीच नाही.

आत्या : 'खरी' म्हणू नकोस. ज्या बाईनं तुझ्या आजोबांना न्हाऊमाखू घातलं, शाळेत धाडलं, सावत्रपणाचा शब्द घरात निघू दिला नाही, ती खोटी का?

(इथे पहिली ठिणगी पडली. माझ्या मते आत्यांचा सगळा विरोध याच एका जागी होता. बाकीची कारणं त्यांनी नंतर जमवली, आणि त्यांच्या नोकरीमुळे ती भरपूर होती.)

भाची : तसं नव्हतं म्हणायचं मला. पण नाव तरी बघ. वहीत नाव आहे ते सासरचं. पणजोबांचं नाव विठोबाचं, मग बायकोचं काय ठेवलं असेल ते सांगायलाच नको. दुसरी आली, तिचंही तेच ठेवलं.

आत्या : तांदळाच्या ताटात अंगठीनं लिहायचं असतं. लिहिणाऱ्याला दुसरं सुचलं नसेल.

भाची : म्हणजे कागदावर दोघी मिळून एकच बाई. चौतीस साली वारलेली आणि एकाहत्तर सालीही वारलेली.

आत्या : कचेरीला त्याचं काही वाटत नाही. जुन्या फेरफाराला बाईची ओळख एवढीच, अमकी कोम अमका. कुणाची बायको ते कळलं की काम झालं. कुणाची लेक, हे विचारायचं सरकारला कारणच नव्हतं. आणि हे तुला मी सांगतेय, जिनं तीस वर्षं त्या कागदांवरची धूळ खाल्ली. खिडकीशी माणसं यायची, आजोबांचं नाव शोधून द्या, पणजोबांचं द्या. सुरुवातीला मला भरून यायचं. मग लक्षात आलं, एकही माणूस पणज्याच्या मायेनं आलेला नाही. कुणाला जमिनीत वारस लावायचाय. कुणाला जातीचा दाखला हवाय, त्याला ओबीसी असेल तर १३ ऑक्टोबर १९६७ आधीचा पुरावा लागतो, अनुसूचित जाती असेल तर १० ऑगस्ट १९५० आधीचा. त्या तारखेच्या अलीकडचा आजोबा काही कामाचा नाही. पलीकडचा सापडला की त्याची नक्कल घ्यायची, आणि आजोबा परत गठ्ठ्यात.

भाची : मग त्यात वाईट काय? दाखल्यासाठी का होईना, शोधलं ना?

आत्या : वाईट कुठं म्हटलं मी? उलट तेच सरळ आहे. कारण स्वच्छ, काम स्वच्छ. २०२३ ला शिंदे समिती नेमली, कुणबी नोंदी शोधायला, तेव्हा मला निवृत्त होऊन किती वर्षं झालेली, तरी फोनवर फोन. मोडी वाचता येतं का, या ना. ज्या लिपीला नातवंडं हसायची, तिचे वाचक एकदम सोन्याच्या भावाचे झाले. त्या माणसांना काय हवंय ते त्यांना माहीत होतं. तुला काय हवंय?

भाची : आपण कुठून आलो ते कळायला नको?

आत्या : उदेपूरहून आलो. अर्धा जिल्हा उदेपूरहून आलाय. तिथं मागं कुणी उरलं होतं की नाही देव जाणे!

(मी हसलो. बायकोनं माझ्याकडे पाहिलं. मी हसणं आवरलं.)

आत्या : हसू नका जावईबापू, कागदाची गोष्ट सांगते. इंग्रजांनी १८५२ साली कायदा केला आणि इनाम कमिशन बसवलं. इनाम खातोस, कुठल्या हक्कानं, कागद दाखव. मग जो तो कैफियती आणि वंशावळी घेऊन हजर. ज्याच्या घरी वंशावळ होती त्यानं ती आणली, नव्हती त्यानं काय केलं असेल ते तुम्हीच ओळखा. वंशावळ ही चीज अशीच जन्माला येते, कुणीतरी विचारल्यावर. आणि विचारणारा कोण, त्यावर तिच्या फांद्या ठरतात. मुलगे लिहायचे. मुली असल्या तर असल्या.

भाची : कोकणस्थांनी जाडजाड कुलवृत्तांत काढलेत, ते काय इनामासाठी?

आत्या : नाही, ते हौसेनं काढले, आणि मेहनत बघून मी नमस्कार करीन. पण एखादा उघडून बघ. सुना माहेरच्या नावासकट सापडतील. लेक मात्र लग्न होऊन गेली की त्या पुस्तकातून बाहेर. तिची पोरं दुसऱ्या आडनावाच्या पुस्तकात.

आत्यांचा मुद्दा बिनतोड होता, पण मला तो अर्धाच वाटला. सरकारनं जमीनमहसुलासाठी लिहिलेला कागद जमिनीसाठीच वाचला पाहिजे, असं कुठं आहे? इतिहासकार जमाखर्चाच्या वह्यांतून लग्नं आणि दुष्काळ वाचतातच. बायकोला हे सुचलं नाही, किंवा सुचूनही ती ते बोलली नाही. तिनं वेगळीच पिशवी उघडली.

भाची : बरं, मुळंबिळं सोड. बाबा आतड्याच्या कॅन्सरनं गेले ना? माझ्या डॉक्टरांनी विचारलं, वडिलांच्या बाजूला आणखी कुणाला होता? वडिलांची आई, आजी? फॉर्मवर रकाने होते. मी आजीपर्यंत लिहिलं. पणजीपुढे एकाहत्तर साल, म्हातारपण असं लिहिलं. आता कळतंय ते दुसऱ्याच बाईचं.

आत्या : हे कारण बरं आहे. पण ह्याचंही उत्तर तिथं नाही. जन्म-मृत्यूची नोंद गावात कोतवालाच्या वहीत, गाव नमुना चौदा. कोतवाल ती कशी भरत असेल? कुणाच्या दारी रडारड झाली की जायचं, घरच्यांनी सांगितलं ते पाटील-तलाठ्याकडे येऊन सांगायचं. मी ह्या वह्या पानापानानं पाहिल्यात. १९१८ ला मानमोडीची साथ आली तेव्हा एकेका पानावर ओळीनं ताप, ताप, ताप. पण साथ नसली तरीही ताप. पटकी, प्लेग, देवी हे ओळखता यायचं, म्हणून ते लिहायचे. बाकी सगळ्या मरणाला ताप. बाईचं असेल तर पोटदुखी. त्यातून तू कॅन्सर काढणार?

भाची : पोटदुखी लिहिलं असेल तर तेवढं तरी डॉक्टरांना सांगेन.

आत्या : आणि ते बाळंतपणातलं असलं तर?

भाची : तर तेही मला कळायला हवं.

आत्या काही बोलल्या नाहीत. चहा झाला. मी मध्येच, वातावरण हलकं करावं म्हणून, ती थुंकीची नळी पाठवून पूर्वज सांगणारी परदेशी चाचणी काढली. दोघींनीही मला एकाच नजरेनं गप्प केलं. त्या एका बाबतीत त्यांचं एकमत होतं.

भाची : तू ते मॉरिशसच्या जोडप्याचं सांगायचीस ना? त्यांना तर जमीनही नको होती आणि दाखलाही.

आत्या : ती गोष्ट निराळी. ऊसमळ्यांवर मजूर न्यायला लागले १८३४ पासून, त्यात आपल्याकडचेही होते, रत्नागिरीचे, सावंतवाडीचे, साताऱ्याचे. पोर्ट लुईला जिथं उतरवायचे तो घाट आता जागतिक वारसा झालाय. उतरला की नंबर. नंबरासमोर नाव, बापाचं नाव, गाव, जात, उंची, अंगावरची खूण. ती सगळी दप्तरं तिकडे मोका म्हणून गाव आहे, तिथल्या महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमध्ये जपलीत. त्या माणसाकडे त्याची छापील प्रत होती. गावाचं नाव लिहिणारा साहेब, सांगणारा आपला अडाणी माणूस, जे कानाला लागलं ते लिहिलं. मी बघितलं तर त्या स्पेलिंगात तीन गावं बसत होती.

भाची : आणि तू तिन्ही गावांचे नकाशे काढून दिलेस.

आत्या : दिले. ड्यूटीच होती. ते सगळ्यात जवळच्या गावी गेले. तिथं त्यांच्या नावाचं, भावकीचं कुणी निघालं नाही. त्यांचं आडनाव म्हणजे तरी काय, तिकडे गेलेल्या माणसाच्या बापाचं नाव, तेच पुढे आडनाव होऊन बसलेलं. सरपंचानं नारळ आणि टोपी दिली. परत आले तर दोघंही इतके खूश, मला पेढे. मी म्हटलं, अहो पण तुमचं गाव हेच कशावरून? तर म्हणाले, तिन्हींपैकी एक नक्की आहे ना, मग झालं.

भाची : मग त्यांना जे चालतं ते मला का नाही?

आत्या : त्यांना समुद्रापलीकडे नेऊन तोडलं होतं. तुला कुणी तोडलंय? तू एसटीत बसलीस तर जेवायच्या वेळेला गावात.

भाची : थोरलीला तोडलं ना.

आत्या : कुणी तोडलं नाही. ती मेली. जुन्या काळी बायका मरायच्या.

(हे त्या इतक्या सहज बोलल्या की मला एकदम त्यांची नोकरी दिसली. तीस वर्षं रोज मयताच्या नोंदी हाताळणाऱ्याला मरण हे रकान्यासारखंच दिसणार. पण ह्या वाक्यानंतर त्या स्वतःच थांबल्या आणि विषय बदलला. बदललेला विषयही त्याच वाटेवरचा होता.)

आत्या : माझ्या टेबलाशेजारी एक भाऊसाहेब बसायचे. महार समाजाचे, पुढे बौद्ध झालेले. जुनी दप्तरं त्यांच्याच ताब्यात. एकदा मी विचारलं, तुमच्या घरातलं कुणी सापडलं का हो ह्यात? म्हणाले, सापडायला काय झालंय, महार वतनाच्या नोंदीत सगळे आहेत, सहा-ब वर्ग बघा. आजा, पणजा, सगळे नावानिशी. कोण सारा पोचवायला जायचा, कोण निरोप घेऊन, कोण मेलेलं ढोर ओढायला. सरकारनं आमची वंशावळ अगदी निगुतीनं ठेवलीय, मॅडम, कामाला माणूस कमी पडू नये म्हणून. ते वतन १९५८ च्या कायद्यानं गेलं. त्यांचं म्हणणं, गेलं ते गेलं, मी ती वही माझ्यासाठी उघडणार नाही.

भाची : बरोबरच आहे त्यांचं.

आत्या : आता कसं बरोबर? मघापासून माझ्याशी भांडतेयस ना?

भाची : त्यांना त्यांचा इतिहास माहीत आहे, म्हणून ते नको म्हणू शकतात. मला माहीतच नाही.

आत्या : पुढचं ऐक. हाच माणूस ७ नोव्हेंबरला रजा टाकून साताऱ्याला जायचा. का? तर १९०० साली त्या तारखेला तिथल्या सरकारी शाळेत बाबासाहेबांचं नाव घातलं. रजिस्टरात भिवा रामजी आंबेडकर. मूळ गाव मंडणगड तालुक्यातलं आंबडवे, घराणं सकपाळ. शाळेच्या त्या एका ओळीसाठी हा रजा टाकायचा, आणि स्वतःच्या पणज्याच्या पानाला हात लावायचा नाही. मी म्हटलं, भाऊसाहेब, कागद तो कागदच. म्हणाले, नाही. एका कागदावर आमचा माणूस लिहिलाय, दुसऱ्यावर आमचं काम लिहिलंय.

यावर कुणाकडेच लगेच बोलायला काही नव्हतं. बायकोनं लॅपटॉप उघडला आणि हेमा राईरकर व त्यांच्या सहकाऱ्यांनी गावोगाव फिरून जमवलेल्या जात्यावरच्या ओव्या दाखवायला लागली. लाखाच्या वर ओव्या आहेत त्या, कुठल्या गावच्या कुठल्या बाईनं म्हटली ह्याच्या नोंदीसकट. तिचं म्हणणं, बायकांनी आपलं माहेर कागदात नाही तर ओवीत नोंदवलंय. भाऊ, बाप, नदी, गावाची वाट, सगळं नाव घेऊन.

आत्या : असेल. थोरलीनंही म्हटल्या असतील. पण ऐकायला कोण होतं? जात्याशेजारी मांडीवर झोपलेलं पोर. तुझे आजोबा. त्यांना काय आठवणार?

भाची : धाकटीनं काहीच सांगितलं नाही कधी?

आत्या : तोंडानं नाही.

भाची : म्हणजे?

आत्या : तिच्या गळ्यात चांदीचा टाक होता. मंगळसूत्राच्या जरा खाली, काळ्या दोऱ्यात. एवढासा, रुपयापेक्षा लहान. त्यावर बाईची आकृती ठोकलेली, डोळे म्हणजे दोन ठिपके. दुसरेपणाची बायको असली की पहिलीचा टाक घालायचा, अशी पद्धत. आम्ही पोरं मांडीवर बसलो की त्याच्याशी खेळायचो. झिजून त्या बाईचं नाक सपाट झालेलं. कुणी म्हणायचं, भीती म्हणून घालतात, पहिलीनं त्रास देऊ नये. आजी भीतीबिती नाही म्हणायची. सणाला गोडाधोडाचं झालं की आपण खाण्याआधी घासातला कण त्या टाकाला लावायची. तिखटाच्या दिवशी नाही, गोडाच्या दिवशीच.

भाची : आत्या, आणि तू म्हणतेस कुणी तिला...

आत्या : थांब. म्हणूनच सांगतेय. तुला वाटतंय त्या घरानं पहिलीला पुसून टाकलं आणि आता तू येऊन न्याय करणार. त्या घरात तिला सणाला घास मिळत होता. सवतीच्या हातचा. ते कागदावर नसेल, पण होतं.

भाची : आता कुठाय तो टाक?

आत्या : आजी गेल्यावर चांदी मोडली. तुझे बाबा अठरा वर्षांचे होते. त्यांच्या कॉलेजची फी त्यात आणि आणखी दोन डागांत भागली.

(बायकोचा चेहरा पाहण्यासारखा झाला. पण चांदी मोडली हे मला उलट आवडलं. टाक आज सापडता तर काचेच्या पेटीत गेला असता.)

भाची : आणि माहेर? तिचं माहेर कुठलं?

आत्या : कोयनेकाठचं.

भाची : हेही माहीत आहे तुला!

आत्या : अगं, भाऊबीजेला दोघंजण यायचे. थोरलीचे भाऊ. बहीण गेली तरी ते येत राहिले, धाकटीलाच बहीण मानलं त्यांनी. ती ओवाळायची. एकाला कमी ऐकू यायचं, तो सगळ्या गोष्टींना मान हलवायचा. नाचणीचं पीठ आणि मधाची बाटली आणायचे. मी तिसरीत असेन त्या वर्षी ते आले ते सांगायला, की गाव उठतंय. धरण होतंय. शंभरएक गावं गेली त्यात, कुणाला ठाणे जिल्ह्यात टाकलं, कुणाला तेव्हाच्या कुलाब्यात, कुणाला सोलापूरकडे. ज्यांनी उभा जन्म डोंगरात काढला त्यांना काळ्या रानात नेऊन बसवलं. पुढच्या दिवाळीला कुणी आलं नाही. आजीनं दोन ताटं वाढून ठेवलेली मला आठवतात. मग सदुसष्टच्या डिसेंबरात भूकंप झाला, आपली मागची भिंत पडली, आणि पेटीतली पत्रंबित्रं होती ती मातीत गेली.

भाची : गावाचं नाव?

आत्या : नाव मी सांगेन. पण त्या नावाचं आता काही नाही, पाणी आहे.

भाची : पण माणसं कुठं बुडाली? संपादनाच्या याद्या असतील. खातेदाराचं नाव, कुठल्या गावठाणात जमीन दिली ते. तूच शिकवलंस ना आत्ता, जमीन आली की सरकार नावं निगुतीनं ठेवतं.

आता मात्र आत्या हसल्या. खिंडीत सापडल्यावर त्या अशाच हसत असाव्यात. पुनर्वसनाच्या याद्या कुठल्या शाखेत असतात, त्यांत आधी काय शोधायचं, हे त्यांनी पाच मिनिटांत सांगितलं, आणि सांगता सांगता पदर खोचून बसल्या. मला वाटलं, वाद मिटला. तेवढ्यात बायकोनं आपण करत असलेली वंशावळ पुढे ठेवली. संगणकावर केलेली, चौकटीचौकटींची. पणजोबांच्या शेजारी आता तिनं दोन चौकटी काढल्या होत्या.

आत्या : दोघींना समान चौकट. बरं केलंस. आणि ही खाली कोण?

भाची : तू.

आत्या : माझ्यापुढे रेघ नाही.

भाची : तुला मुलं नाहीत म्हणून...

आत्या : तेच म्हणतेय. कुलवृत्तांतात अशा माणसापुढे लिहायची रीत असते, काय ते तू बघ. सातबाऱ्यावर मी होते माहितीय? अठ्ठ्याऐंशी साली वडील वारले तेव्हा वारसात भावाबरोबर माझंही नाव लागलं. फेरफार मीच वाचला, माझ्याच टेबलावरून गेला. सहा महिन्यांनी हक्कसोडपत्र केलं. नावाला कंस पडला. सातबाऱ्यावर कंसातलं नाव म्हणजे होतं, आता नाही.

भाची : बाबांनी तुझ्याकडून सही घेतली?

आत्या : घेतली नाही, मी दिली. तो मागत नव्हता. मी न देण्याचाही विचार करत नव्हते. बहिणी देतात, मीही दिली. लग्न झालेल्या निदान माहेरपणाला येतात, साडीचोळी घेतात. मी तर त्याच घरात राहत होते. चौऱ्याण्णवचा महाराष्ट्राचा कायदा आला, मग २००५ चा केंद्राचा आला, लेकीला मुलासारखा हक्क. कचेरीत परिपत्रक मीच वाचून दाखवलं सगळ्यांना.

ह्यानंतरची शांतता लांबली. बायको तिच्या बाबांविषयी असं काही ऐकायला बसलेली नव्हती, आणि मला ठाऊक आहे की त्या रात्री ती झोपली नाही. घराण्याचा शोध घेणारे लोक शंभर वर्षांपूर्वीच्या अन्यायाला तयार असतात. पस्तीस वर्षांपूर्वीच्या सहीला नसतात, कारण तिच्या जमिनीवर आपण वाढलेलो असतो. ही जमीन विकूनच आमच्या घराचं पहिलं डिपॉझिट भरलं होतं.

भाची : तुला ती परत हवी होती का कधी?

आत्या : जमीन? नाही. पण माझा तक्ता काढायला बसलीस तर कंस नको मला. आणि रेघ नाही तर नाही, पण नोकरी लिही. वर्षं लिही. अभिलेखपाल लिही.

भाची : लिहिते. आणि थोरलीचं?

आत्या : तिचं माहेरचं नाव तिच्या भावांच्या घरात कुणाला तरी माहीत असेल. नातू असतील आता तिचे, भाचरांची पोरं. पण तू त्यांच्या दारात जाऊन उभी राहिलीस आणि म्हणालीस, तुमच्या आजोबांच्या बहिणीची मी पणती, तर पहिलं काय वाटेल त्यांना? हिस्सा मागायला आली. पुनर्वसनात मिळालेली जमीन आहे, तिच्यात आधीच भावाभावांचे दावे चालू असणार.

भाची : मग काय करू?

आत्या : आधी नमुना चौदाला अर्ज कर. तेहतीस ते पस्तीस, तीन वर्षं माग, एक मागू नको, नाहीतर वर्ष चुकलं म्हणून परत येईल. कारणाच्या रकान्यात वंशावळ लिहू नकोस, वैयक्तिक लिही. मग याद्या. गाव सापडलं की फोन कर, आणि पहिल्याच वाक्यात सांग, जमीन नको, नाव हवंय. तिथं जायचं झालं तर मी येते. ह्यांना नेऊ नको. पँटशर्टातला जावई बरोबर दिसला की लोकांना वकील वाटतो.